ईएक्सआर आणि फोटोशॉप: एका घरातली भाऊबंदकी

ठाण्यात घोडबंदर रोडने निघालं की न झालेल्या इमारतींची होर्डिंग सोबतीला असतात. जांभळी संध्याकाळ, मागे येऊरचे डोंगर, खिडकीखिडकीत पिवळा दिवा. असं चित्र थ्रीडीत रेंडर होतं, आणि त्याच्यावरचा शेवटचा हात बहुतेक वेळा फोटोशॉपमध्ये फिरतो. मधल्या प्रवासात ते अनेकदा ईएक्सआर या, सिनेमावाल्यांनी घडवलेल्या चित्र-स्वरूपाच्या फाइलीत असतं. नवा मुलगा अडतो तो इथेच. रेंडरवाल्याने प्रकाश, परावर्तन, चकाकी असे पंधरा पास, म्हणजे एकाच चित्राचे सुटे घटक, एका फाइलीत भरून दिलेले असतात. फोटोशॉप उघडून दाखवतं एकच लेयर, आणि दिव्यांभोवतीची आभा त्यातूनही गायब. मग तो रेंडरवाल्याला फोन लावतो. त्या बिचाऱ्याची काही चूक नसते.

गंमत म्हणजे ईएक्सआर आणि फोटोशॉप, दोघांचं मूळ एकाच घराशी पोचतं. फोटोशॉप लिहिलं थॉमस आणि जॉन नोल या भावांनी. पहिली आवृत्ती १९९० ची. त्यातला जॉन तेव्हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. ईएक्सआर पुढे त्याच कंपनीत जन्मलं. पण फोटोशॉप वाढलं ते फोटो आणि छपाईच्या अंगणात. तिथे ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, आणि कागदापेक्षा पांढरं काही नसतंच. १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले तेही पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्यासारखे: वरचा खालच्याला झाकतो.

सिनेमावाल्यांची अडचण वेगळी होती. सूर्य आणि पांढरी भिंत दोन्ही २५५ वर अडकली, तर एक्स्पोजर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली आणल्यावर सूर्यही भिंतीसारखा करडा पडतो. ८ आणि १० बिटच्या फायली पुरेनात, म्हणून १९९९ च्या सुमारास इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये ईएक्सआर हे नवं स्वरूप घडवायला घेतलं आणि २००३ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याचा गाभा म्हणजे ‘हाफ’ ही १६ बिटची फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे सरकत्या दशांशचिन्हाची संख्या. एक बिट चिन्हाला, पाच घातांकाला, दहा अपूर्णांकाला. पांढऱ्याला १ धरलं तर ही संख्या ६५,५०४ पर्यंत चढते, आणि प्रत्येक स्टॉपमध्ये १,०२४ पायऱ्या मिळतात. फोटोशॉपची स्वतःची १६ बिट पद्धत ही नव्हे. ती ० ते ३२,७६८ अशी पूर्णांकांत मोजते आणि पांढऱ्यापाशी थांबते. दोन्हीकडे ‘१६ बिट’ हाच शब्द असल्यामुळे अनेकांची फसगत झालेली मी पाहिली आहे. माझीही झाली होती.

मग त्या पंधरा पासांचं काय होतं? खरं सांगायचं तर ईएक्सआरमध्ये फोटोशॉपच्या अर्थाने लेयर नसतातच. असतात फक्त चॅनल (लाल, हिरवा, निळा असे एकेका घटकाचे आकडे), आणि नावातल्या टिंबावरून त्यांचे गट ओळखायचे. कोण वर, कोण खाली, हे फाइलीत लिहिलेलंच नसतं. चॅनल वर्णानुक्रमाने लागतात. प्रकाशाचे पास झाकायचे नसतात, बेरजेने जोडायचे असतात. फोटोशॉप नुसतं मुख्य चित्र उचलतं. म्हणून प्रोईएक्सआर किंवा ईएक्सआर-आयओसारखं प्लगइन घालून पास सुटे करायचे आणि लिनियर डॉज (अ‍ॅड) मोडवर रचायचे. हे ३२ बिटमध्येच करावं. आधी १६ बिटवर आणून बेरीज केली तर गॅमा चढवलेले, म्हणजे पडद्यासाठी वाकवलेले आकडे एकमेकांत मिसळतात आणि बाल्कनी ट्यूबलाइट गिळल्यासारखी दिसते.

आभा गायब होण्याचं कारण आणखी जुनं आहे. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी चित्रं एकमेकांवर बसवण्याचं गणित मांडलं. त्यात रंग आधीच अल्फाने, म्हणजे पिक्सेल किती झाकतो त्या आकड्याने, गुणून ठेवलेला असतो. म्हणून अल्फा शून्य असूनही रंग असलेला पिक्सेल तिथे चालतो: ज्वाला किंवा दिव्याची आभा मागचं काही झाकत नाही, नुसता उजेड घालते. ईएक्सआरने हीच रीत उचलली. फोटोशॉपच्या लेयरला मात्र न गुणलेला रंग लागतो, म्हणजे रंगाला अल्फाने भागावं लागतं. शून्याने भागणार कसं? त्या जागी आभा पुसली जाते. आणि भागायचंच राहिलं, तर झाडांच्या पानांना काळी किनार येते.

फोटोशॉपने ३२ बिटचं दार उघडलं २००५ मध्ये, सीएस२ मध्ये. त्या मोडमध्ये लेयर वापरायला सीएस३ एक्स्टेंडेडची, म्हणजे २००७ ची वाट पाहावी लागली. पलीकडे ईएक्सआर थांबलं नव्हतं. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत एका फाइलीत अनेक स्वतंत्र भाग ठेवण्याची सोय झाली. २०१५ मध्ये सायॉप या स्टुडिओने क्रिप्टोमॅट आणलं: प्रत्येक वस्तूचा मास्क (ती वस्तू वेगळी निवडायचा साचा), तिच्या नावाचा ३२ बिट आकडा करून साठवलेला. तो पास हाफमध्ये सेव्ह केला की आकडे बिघडतात आणि मास्क हातचे जातात. फोटोशॉपमध्ये थेट उघडला तर होळीनंतरची भिंत दिसते.

वजनाचाही हिशेब करून ठेवावा. ४,००० बाय २,२५० पिक्सेलचा एक पास हाफमध्ये ५४ एमबी. कॉम्प्रेशन नसेल तर पंधरांचे ८१० एमबी. फोटोशॉप ते ३२ बिटमध्ये उलगडतं, की दुप्पट. त्यावर आकाश, माणसं, गुलमोहर चढवले की पीएसडी या फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलीची २ जीबीची मर्यादा गाठलीच म्हणून समजा. तेव्हा पहिल्या सेव्हलाच पीएसबी, म्हणजे फोटोशॉपचंच मोठ्या फायलींचं स्वरूप, निवडायचं.