महाराष्ट्रात एमबीबीएसला प्रवेश : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

अलीकडच्या वर्षांत नीटचा निकाल जूनमध्ये लागतो आणि त्यानंतर राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘सीईटी सेल’ची, वैद्यकीय प्रवेशासाठी नोंदणी सुरू होते. नोंदणीची मुदत मोजक्या दिवसांची असते. मात्र तिच्यासाठी लागणारे काही दाखले मिळवायला कित्येक महिने लागतात, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक घरांत निकालानंतर लक्षात येते. म्हणून हे लेखन निकाल हाती आलेल्यांपेक्षा अकरावी-बारावीत असलेल्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना अधिक उपयोगी पडावे, अशा बेताने केले आहे. तारखा आणि बारीकसारीक नियम दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेनुसार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची पुस्तिका मुळापासून वाचणे अनिवार्य समजावे.

पात्रता

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबर रोजी किंवा त्यापूर्वी वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावीत. कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली असून परीक्षा किती वेळा द्यावी यावरही बंधन नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय उत्तीर्ण असावे लागतात, आणि पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गास ५० टक्के व राखीव प्रवर्गांस ४० टक्के गुण आवश्यक असतात. राज्य मंडळाच्या हिशेबाने ३०० पैकी अनुक्रमे १५० आणि १२० गुण झाले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील विद्यार्थ्याला जागांमध्ये आरक्षण असले तरी गुणांच्या अटीत सवलत नाही, तेथे त्याला खुल्या प्रवर्गाचाच निकष लागतो. यावरून गैरसमज फार आहेत.

नीटमध्ये खुल्या प्रवर्गासाठी ५० वे आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागास वर्गांसाठी ४० वे पर्सेंटाइल गाठावे लागते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत : ५० वे पर्सेंटाइल याचा अर्थ परीक्षा दिलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे, ७२० पैकी ३६० गुण मिळवणे नव्हे. ही केवळ पात्रतेची रेषा आहे. शासकीय महाविद्यालयातील जागा तिच्या पुष्कळ वर मिळते, त्यामुळे ‘मुलगा नीट पास झाला’ या वाक्यावर पेढे वाटण्याची घाई करू नये.

परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते. २०२५ पासून १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, असे स्वरूप आहे. प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते. अर्ज भरताना दोन गोष्टी जपाव्यात. पहिली म्हणजे स्वतःचे, आईचे व वडिलांचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे त्याच स्पेलिंगने लिहावे. दुसरी म्हणजे प्रवर्ग केंद्राच्या यादीप्रमाणे निवडावा. महाराष्ट्रातील सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग, म्हणजे एसईबीसी, हा केंद्राच्या यादीत नाही. त्या विद्यार्थ्याने नीटच्या अर्जात, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा केंद्रीय दाखला नसेल तर, खुला प्रवर्ग नोंदवावा आणि राज्याच्या अर्जात पुढे एसईबीसीचा दावा करावा. भटक्या व विमुक्त जमातींपैकी बहुतेक केंद्राकडे इतर मागास वर्गांत मोडतात, पण आपली जात यादीत प्रत्यक्ष शोधून खात्री केलेली बरी.

अर्ज दोन ठिकाणी

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यासाठी केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, म्हणजे एमसीसीकडे, वेगळी नोंदणी करावी लागते. नागपूरसह सर्व एम्स, पुद्दुचेरीचे जिपमेर आणि देशभरातील अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेशही तेथूनच होतात. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासाठीही सुरुवातीची नोंदणी तेथेच होते, त्यानंतर पुण्यात स्वतंत्र निवड चाचणी व मुलाखत असते. या कोट्याला अधिवासाची अट नाही.

उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या असून त्या सीईटी सेलच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जातात. त्यासाठी सर्वसाधारण नियम असा, की विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी असावा आणि त्याने दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण केलेल्या असाव्यात. बदलीच्या नोकरीतील शासकीय कर्मचारी आणि संरक्षण दलातील कर्मचारी यांच्या मुलांसाठी ठरावीक अपवाद आहेत. सुरतेत, दुबईत किंवा मडगावात दहावी केलेल्या मराठी कुटुंबातील मुलांची या नियमापाशी मोठी अडचण होते : घर सांगलीचे, आधार सांगलीचे, मतदान सांगलीचे, तरीही राज्याच्या ८५ टक्क्यांत नाव येत नाही. अशांनी अखिल भारतीय कोटा आणि अभिमत विद्यापीठे यांवर लक्ष ठेवावे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरील वादग्रस्त ८६५ गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी मात्र राज्याने वेगळ्या जागा राखून ठेवल्या आहेत. त्यासाठी गावाचा आणि मातृभाषेचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. गोव्याची, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची, राज्य कोट्याची प्रक्रिया तेथील तंत्रशिक्षण संचालनालय स्वतंत्रपणे राबवते.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा, म्हणजे ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना देणारा, प्रादेशिक कोटा २०२० मध्ये रद्द झाला. आता गुणवत्ता यादी संपूर्ण राज्याची एकच असते, तरीही काही शिकवणी वर्गांत अजून जुने हिशेब ऐकवले जातात.

कागदपत्रे

सर्वांना लागणारी कागदपत्रे अशी : नीटचे प्रवेशपत्र व गुणपत्रक, दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, दहावीचे प्रमाणपत्र, शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, आधारकार्ड आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी विहित नमुन्यात दिलेले वैद्यकीय पात्रता प्रमाणपत्र. मध्ये एखादे वर्ष गेले असल्यास खंडाबाबतचे शपथपत्र तयार ठेवावे. अधिवासाचा दाखला तहसील कार्यालयातून, आपले सरकार सेवा केंद्रामार्फत मिळतो. तो बारावीची परीक्षा होण्याआधी हातात असावा, कारण मे-जूनमध्ये त्या केंद्रांसमोरची रांग रस्त्यापर्यंत येते.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणाऱ्यांना जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो दाखला समितीने तपासून खरा ठरवल्याचे प्रमाणपत्र, ही दोन्ही लागतात, आणि सर्वाधिक काळजी करावी ती या दुसऱ्या कागदाची. वैधतेचा अर्ज बारावी विज्ञानाला असतानाच, महाविद्यालयाच्या प्राचार्यांच्या शिफारशीसह, जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे ऑनलाइन करता येतो. अनुसूचित जमातींसाठी समित्या वेगळ्या आहेत. पुरावा त्या त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या, म्हणजे मानीव, दिनांकापूर्वीचा असावा लागतो : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. याचा व्यवहारातील अर्थ असा, की आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल किंवा महसुली अभिलेख शोधावा लागतो आणि वंशावळीच्या शपथपत्राने तो विद्यार्थ्यापर्यंत आणून भिडवावा लागतो.

माझ्या भाचीच्या वेळी हे काम मी जवळून पाहिले. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडून दाखल-खारीज रजिस्टर टेबलावर ठेवले; कडा वाळवीने खाल्लेल्या, पाने हलक्या हाताने उलटावी लागणारी. पणजोबांची नोंद सापडली ती मोडीत. तिचे लिप्यंतर जाणकाराकडून प्रमाणित करून घेतले, तेव्हा लक्षात आले, की तेथे नाव ‘गणपत’ आहे आणि आजोबांच्या दाखल्यावर ‘गणपतराव’. एवढ्या ‘राव’साठी आणखी एक शपथपत्र आणि संबंधित कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. अर्ज अकरावी संपताच कामाला लावला होता म्हणून वैधता वेळेत आली; निकालानंतर सुरुवात केली असती तर तिला खुल्या प्रवर्गातूनच रांगेत उभे राहावे लागले असते. पडताळणीसाठी शासनाने काही वर्षी मुदतवाढ दिलेली आहे हे खरे, पण ती मिळेलच असे धरून चालणे हा जुगार आहे. वडिलांची, चुलत्यांची किंवा सख्ख्या भावंडांची वैधता आधीच झालेली असेल तर ती जरूर जोडावी, काम पुष्कळ हलके होते.

विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागास वर्ग आणि एसईबीसी यांना उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे, म्हणजे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रही द्यावे लागते. ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे, उदाहरणार्थ २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत. अखिल भारतीय कोट्यासाठी हेच प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात वेगळे काढावे लागते, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांनाही राज्याचा व केंद्राचा असे दोन नमुने लागतात. एक नमुना दुसरीकडे चालत नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांनी केवळ ठरवून दिलेल्या केंद्रांवरूनच प्रमाणपत्र घ्यावे, जिल्हा रुग्णालयाचा नेहमीचा दाखला येथे पुरेसा ठरत नाही.

कागद स्कॅनरवरच स्कॅन करावेत. चादरीवर ठेवून मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात शिक्क्यावरची तारीख पुसट येते आणि पडताळणीत अर्ज त्रुटीत निघतो.

पसंतीक्रम आणि फेऱ्या

नोंदणी, शुल्क व कागदपत्रांची पडताळणी झाल्यावर राज्याची गुणवत्ता यादी लागते आणि त्यानंतर महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा असतो. येथे पालक उगाच डावपेच लढवतात. जागावाटप गुणवत्ता क्रमांकानुसार संगणकावर होते आणि विद्यार्थ्याची यादी वरून खाली तपासली जाते. त्यामुळे न मिळण्याजोगे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले म्हणून खालचे मिळण्याची शक्यता तसूभरही कमी होत नाही. मनात जो क्रम आहे तोच कागदावर उतरवावा. शासकीय, मुंबईतील सेठ जी. एस. सारखी महापालिकेची, सेवाग्रामसारखी अनुदानित आणि खासगी, अशी सर्व महाविद्यालये एकाच यादीत येतात. खासगी महाविद्यालयाचे नाव लिहिण्यापूर्वी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले त्याचे शुल्क पाहून घ्यावे, वसतिगृह व भोजनाचा खर्च त्यात धरलेला नसतो.

पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर समाधान असेल तर ती कायम ठेवण्याचा अर्ज महाविद्यालयातच भरून देता येतो, मात्र त्यानंतरच्या फेऱ्यांत नाव घेतले जात नाही. तो अर्ज न भरता पुढच्या फेरीत उतरल्यास आणि वरच्या पसंतीची जागा मिळाल्यास आधीची जागा आपोआप जाते, मग पुन्हा मागे फिरता येत नाही. कोणत्या फेरीत जागा सोडल्यास अनामत जप्त होते, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत पाहावे.

आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील इतर मागास वर्ग, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यासाठी राज्याच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला हा लाभ नाही.

हजर होताना

महाविद्यालयात मूळ कागदपत्रे जमा करावी लागतात आणि ती पुढे काही काळ तेथेच राहतात, म्हणून प्रत्येकाच्या साक्षांकित प्रतींचे निदान तीन संच आणि स्कॅन प्रत घरी ठेवावी. शिष्यवृत्ती, बँकेचे कर्ज आणि नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पात्रता या तिन्ही ठिकाणी तीच कागदपत्रे पुन्हा मागितली जातात.

शासकीय, महापालिका व अनुदानित महाविद्यालयांत प्रवेश घेताना बंधपत्रही लिहून द्यावे लागते. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता संपल्यावर एक वर्ष शासनाची सेवा करणे, असे त्याचे स्वरूप आहे. त्यावर विद्यार्थ्याबरोबर पालकाचीही सही लागते. हजर होण्याच्या दिवशी घाईघाईत सही न करता त्याचा मजकूर आदल्या दिवशी दोघांनी बसून वाचावा.