दुधाची नोंद फोनमध्ये पक्की होते तेव्हा

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम भागात खव्याच्या भट्ट्या चालतात त्या गावोगावच्या दुधावर. संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, फॅट लागतं, माप होतं आणि हल्ली बऱ्याच ठिकाणी नोंद मोबाइलमध्ये पडते: खाते क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन घटक), दर. बालाघाटच्या डोंगरातल्या वस्त्यांवर रेंजचा भरवसा नसतो. म्हणून अशा अ‍ॅपने नोंद आधी फोनमध्येच पक्की करावी, सर्व्हरचं (इंटरनेटवरच्या मध्यवर्ती संगणकाचं) नंतर बघावं, असं माझं ठाम मत आहे. शेतकऱ्याचं बिल याच नोंदींवर निघतं.

पडद्यावर दिसणारी यादी सुरुवातीला फक्त रॅममध्ये, म्हणजे फोनच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. एकेक नोंद म्हणजे एकेक ऑब्जेक्ट, त्या नोंदीची सगळी माहिती एकत्र धरणारा गट. यादीत बहुधा त्यांचे रॅममधले पत्तेच असतात. बॅटरी संपली की हे सगळं पुसलं जातं. बॅटरी असतानाही खात्री नाही: मध्येच फोन आला, कॅमेरा उघडला आणि रॅम कमी पडली, तर मागे गेलेलं अ‍ॅप अँड्रॉइड न विचारता बंद करतं. बरं, पत्ते फाइलमध्ये उतरवून भागत नाही, कारण अ‍ॅप पुन्हा उघडल्यावर त्या जागी दुसरंच काही असतं. ऑब्जेक्टमधली माहितीच सलग मजकुरात किंवा बाइट्समध्ये मांडावी लागते. याला सीरियलायझेशन म्हणतात.

नवशिक्या प्रोग्रामरचा आवडता मार्ग असा: अख्ख्या यादीचा जेसन मजकूर (नाव आणि मूल्य अशा जोड्यांचा) करायचा आणि तो शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे अँड्रॉइडच्या सेटिंग साठवायच्या जागेत, ठेवून द्यायचा. भाषा, अक्षरांचा आकार अशा चार-दोन सेटिंगसाठी ही जागा उत्तम आहे. दुधासाठी हिशेब करून बघा. २०० शेतकरी, दोन वेळा, दहा दिवस: ४,००० नोंदी. एक नोंद १२० बाइटची धरली तरी ४,८०,००० बाइट. नवी एक नोंद वाढली की हा सगळा मजकूर पुन्हा तयार होतो आणि पुन्हा लिहिला जातो. जेसनमध्ये प्रत्येक नोंदीत ‘लिटर’, ‘फॅट’ ही नावंही परत परत येतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. स्वस्त फोन दहाव्या दिवशी अडखळतो तो यामुळे.

यादी वाढत जाणारी असेल तर एसक्यूलाइट हे नोंदी रचून ठेवणारं डेटाबेस सॉफ्टवेअर वापरावं. रिचर्ड हिप यांनी ते २००० साली आणलं. अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या एका सॉफ्टवेअरवर ते काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही अडून बसे. म्हणून त्यांनी सर्व्हरच नको असलेला डेटाबेस लिहिला, एका फाइलमध्ये मावणारा. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये असतो. गूगलची रूम ही लायब्ररीही (प्रोग्रामरसाठी तयार कोडचा संच) त्याच्यावरच उभी आहे.

एसक्यूलाइटची खरी ताकद अर्धवट लिखाण टाळण्यात आहे. फाइल पानांमध्ये विभागलेली असते, एक पान साधारण ४,०९६ बाइटचं. मूळ पद्धतीत, पान बदलण्याआधी त्याची जुनी प्रत जर्नल नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते. मग बदल होतो, आणि शेवटी जर्नल पुसलं जातं. मध्येच फोन बंद पडला, तर पुढच्या वेळी एसक्यूलाइटला ते जर्नल सापडतं आणि जुनी पानं जागेवर परत बसतात. नोंद एकतर पूर्ण असते, नाहीतर नसतेच. लिटर लागले आणि फॅट राहिलं, असं होत नाही. ‘नोंद झाली’ हा संदेश मात्र अ‍ॅपने हे सगळं पार पडल्यावरच दाखवला पाहिजे. बटण दाबल्याबरोबर दाखवणं म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक.

रेंज आल्यावर वेगळी अडचण येते. नोंद सर्व्हरला पोहोचली, पण पोच यायच्या आत रेंज गेली, तर अ‍ॅप तीच नोंद पुन्हा पाठवतं. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच १२८ बिटचा यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नोंदीशी न जुळणारा ओळख क्रमांक, दिलेला असेल, तर सर्व्हर दुसरी प्रत ओळखतो आणि दूध दोनदा धरलं जात नाही.

केंद्रचालकांनी एवढं जरूर पाळावं. जागा कमी पडली तर ‘क्लिअर कॅशे’ दाबायला हरकत नाही. त्याने तात्पुरत्या फाइली जातात, डेटाबेस राहतो. ‘क्लिअर डेटा’ने मात्र डेटाबेसही जातो, आणि अ‍ॅप काढून टाकल्यावरही तेच होतं. न पाठवलेल्या नोंदींचा आकडा शून्य झालेला दिसल्याशिवाय या दोन्हींना हात लावू नये.