भोंगा आणि काढून घेतलेला मोबाइल

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक शक्कल काढली. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला, की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद. हेतू पोरांच्या अभ्यासाचा. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: मोबाइल बंद होतो तो सगळ्यांचा. एकटं कुणी पडत नाही.

विश्रामबागेतल्या आमच्या शेजारणीची सातवीतली मुलगी मात्र एकटी पडली. मैत्रिणींनी तिला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, तिच्याशिवाय नवा ग्रुप केला आणि शाळेत तिच्यासमोर त्यातल्या गमतींवर हसू लागल्या. शिवी नाही, धमकी नाही. शेजारीण म्हणाली, "एवढ्याशा कारणाला काय रडायचं?"

मेंदूच्या हिशेबात ते एवढंसं नसतं. मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांचा २००३ चा प्रयोग पाहा. माणूस एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कुठला भाग कधी काम करतो ते दाखवणाऱ्या यंत्रात, आडवा. पडद्यावर तिघांचा चेंडू टाकण्याचा खेळ. थोड्या वेळाने बाकीचे दोघे त्याला चेंडू देईनासे होतात. त्या वेळी मेंदूतल्या अँटीरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स या भागाची हालचाल वाढलेली दिसली. शारीरिक वेदनेचा त्रास होतो तेव्हाही हाच भाग जागा असतो. (दोन्ही वेदना मेंदूत कितपत सारख्या, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत.) गंमत म्हणजे ते दोघे खेळाडू माणसं नव्हतीच, संगणक होता. पुढे २००४ च्या एका प्रयोगात तर समोर संगणक आहे हे आधीच सांगून टाकलं, तरी वगळलेल्यांना वाईट वाटलंच!

आता आपला नेहमीचा उपाय आठवा: "आण तो मोबाइल इकडे!" ज्याला चारजणींनी वगळलं, त्याला आपण उरलेल्या सगळ्यांपासून तोडतो. मुलं हे ओळखून असतात, म्हणून सांगतच नाहीत. त्यामुळे काही घडण्याआधीच शब्द द्यावा: "मला सांगितलंस तर मोबाइल जाणार नाही."

सांगितलं, तर आधी ऐकावं. उलट उत्तर लिहू नये. ब्लॉक करण्याआधी नाव, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. धमकी, खोटं खातं, फोटोशी छेडछाड असेल तर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. एक चूक घाबरलेल्या घरात सहज होते: मुलाचा अश्लील फोटो 'बघा काय केलंय' म्हणून नातेवाइकांना पाठवणं. असं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे.

शेजारणीला तर तडक त्या मुलींच्या घरी जायचं होतं. मुलगी नको म्हणाली. दोघींनी मिळून वर्गशिक्षिकांना भेटायचं ठरवलं. काय बोलायचं, ते मुलीनेच वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं.