घरगुती लिथियम बॅटरी पॅक (ई-सायकल)

सुटे लिथियम सेल आणायचे, निकेलच्या पट्टीने एकमेकांना जोडायचे, वर बीएमएसचं (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारं) सर्किट बसवायचं आणि सगळं श्रिंकमध्ये, म्हणजे गरम केलं की आवळणाऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून सायकलच्या दांडीला लावायचं, याला घरगुती पॅक म्हणतात. साध्या सायकलला हब मोटरचं (चाकाच्या मध्यात बसणारी मोटर) किट लावणारे बरेच जण तयार बॅटरीच्या किमतीला घाबरून इकडे वळतात. जोडायला अवघड नाही, पण नुसता चालणारा पॅक आणि सेफ पॅक यात फरक आहे आणि तो बाहेरून दिसत नाही.

सगळ्यात जास्त वापरला जातो तो १८६५० सेल, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. एका सेलचे साधारण ३.६ व्होल्ट, फुल चार्जला ४.२. असे १३ सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक लावले की ४८ व्होल्टचा पॅक होतो, तो फुल झाला की ५४.६ दाखवतो म्हणून चार्जरही ५४.६ चाच लागतो. एकेका जागी ४ सेल पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी शेजारी धरले तर एकूण ५२ सेल, प्रत्येकाची क्षमता २५०० एमएएच (मिलीअँपिअर-अवर) असेल तर पॅकची १० अँपिअर-अवर. मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर १५ अँपिअर ओढत असेल तर प्रत्येक सेलच्या वाट्याला पावणेचार अँपिअर येतात, तेवढं त्या सेलला झेपतं का हे कंपनीच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) आधी बघायचं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल घेतले तर गणित बदलतं, एकाचे ३.२ व्होल्ट, त्यामुळे १६ लागतात, वजन वाढतं पण ते तापून पेटायला जास्त उष्णता लागते, घरात ठेवायचा पॅक असेल तर माझं मत एलएफपीलाच.

खरा घोळ सेलच्या खरेदीत होतो. बाजारात ९८०० एमएएच छापलेले १८६५० मिळतात, पण या साइजमध्ये चांगल्यात चांगला सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपासच असतो, त्यामुळे तसला आकडा दिसला की पुढचं काही वाचायची गरज नाही. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बरेचदा हलका लागतो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल स्वस्त पडतात, पण एखादा सेल महिनोन्‌महिने पूर्ण उतरलेला पडून असेल तर आतलं तांबं विरघळतं आणि परत चार्ज करताना तेच भलत्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. मीटरवर मात्र तो सेल ठणठणीत दिसतो! न्यूयॉर्कमध्ये अशा पॅकच्या आगींमुळे २०२३ पासून वापरलेल्या बॅटऱ्यांमधून काढलेले सेल जोडून नवीन पॅक बनवायलाच कायद्याने बंदी आहे.

दुसरी गोष्ट नवशिक्यांना माहीतच नसते: सेलचा अख्खा डबा निगेटिव्ह असतो, अगदी पॉझिटिव्ह टोकाच्या कडेपर्यंत, आणि मध्ये असतं फक्त पातळ प्लास्टिकचं वेष्टन. वरून जाणारी निकेल पट्टी खड्ड्यांच्या दणक्यांनी घासत घासत ते वेष्टन फाडते आणि शॉर्ट होतो, आपल्या रस्त्यांवर तर हे व्हायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून प्रत्येक पॉझिटिव्ह टोकावर फिशपेपरची (वीज अडवणाऱ्या जाड कागदाची) चकती लावायची, सेल होल्डरमध्ये घट्ट बसवायचे, वायरी पट्टीवरून नेल्या तर मध्ये कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी). पट्टी शुद्ध निकेलची हवी, नुसता मुलामा दिलेली लोखंडी पट्टी जास्त तापते आणि पावसाळ्यात गंजते, ग्राइंडरला धरली की ठिणग्यांचा फवारा उडतो त्यावरून कळतं. जोड स्पॉट वेल्डिंगनेच करायचा, सोल्डरिंगची उष्णता सेलच्या आतपर्यंत पोचते. काम करताना अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं; माझ्या हातातला पाना एकदा दोन पट्ट्यांवर टेकला, त्यावरचा खड्डा अजून तसाच आहे.

पॅरललमध्ये जोडायच्या आधी सगळे सेल एकाच व्होल्टेजला आणायचे, नाहीतर जास्त भरलेला सेल कमी भरलेल्यात जोरात करंट ओततो. मग बीएमएस. तो जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि जास्त करंट झाला की पॅकचा प्रवाह तोडतो, पण लोक त्याला रामबाण समजतात तसं ते नाही. त्याला ४ सेलच्या ग्रुपचं मिळून व्होल्टेज दिसतं, त्यातला एक सेल सडला तर त्याला पत्ता लागत नाही. शिवाय त्याचे मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) जळाले की बरेचदा चालू अवस्थेतच अडकतात, म्हणून पॅकच्या पॉझिटिव्ह वायरवर वेगळा फ्यूज हवाच. बॅलन्स वायरींचा (प्रत्येक ग्रुपमधून बीएमएसला जाणाऱ्या बारीक वायरी) कनेक्टर लावण्याआधी मीटरने एकेक पिन तपासायची, प्रत्येक पायरीला एका सेलइतके व्होल्ट वाढले पाहिजेत.

चार्जिंग दाराजवळ किंवा झोपायच्या खोलीत नको, आग लागली तर बाहेर पडायची वाट मोकळी राहिली पाहिजे. वसईत सप्टेंबर २०२२ मध्ये घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा भाजला आणि नंतर दगावला, आणि ती काही घरी जोडलेली बॅटरी नव्हती. त्या वर्षीच्या आगींनंतर दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ या भारतीय सुरक्षा मानकाचे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने कडक झाले. घरच्या पॅकची मात्र तपासणी करणारं कोणीच नसतं, बनवणारा स्वतः सोडून. सेल फुगला, गोडसर वास आला किंवा पॅक वापरात नसतानाही गरम लागला तर तो उघड्यावर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब न्यायचा, आणि धूर सुरू झाला असेल तर हातच लावायचा नाही, सगळ्यांना बाहेर काढून फायर ब्रिगेडला बोलवायचं. मेलेला पॅक टर्मिनलवर टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा, घंटागाडीत टाकायचा नाही, तिथे दाबला गेला की तो गाडीतच पेटू शकतो.