जीपीआयओ पिन : दिशा आणि सुरुवातीची अवस्था

जीपीआयओ म्हणजे चिपची अशी पिन जी सॉफ्टवेअरने इनपुट किंवा आउटपुट म्हणून हवी तशी वापरता येते. लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमधे अशी पिन ताब्यात घेताना ती इनपुट की आउटपुट, आणि आउटपुट असेल तर पहिल्या क्षणी तिच्यावर हाय (व्होल्टेज वर) की लो (खाली), हे ठरवून द्यावं लागतं. दोन्ही एकाच कॉलमधे सांगतात, कारण चिपमधे दिशेचं रजिस्टर (चिपच्या आतला छोटा कप्पा) वेगळं आणि व्हॅल्यूचं वेगळं, आधी दिशा बदलली तर रजिस्टरमधे जे जुनं पडलेलं असेल तेच क्षणभर बाहेर जातं, म्हणून बऱ्याच चिप ड्रायव्हरमधे आधी व्हॅल्यू लिहून मग दिशा बदलतात.

डेव्हिड ब्राउनेल यांचं जीपीआयओलिब, म्हणजे कर्नलमधला जीपीआयओ हाताळणारा भाग, २००८ च्या सुमारास कर्नल २.६.२५ मधे आलं, त्यात पिनला नंबर असायचा. नंबराऐवजी कर्नलकडून पिनचा हँडल घ्यायची डिस्क्रिप्टरची पद्धत ३.१३ पासून, म्हणजे २०१४ च्या सुरुवातीपासून. खरा घोळ या दोन पद्धतींच्या मधे आहे. जुन्या जीपीआयओएफ_आउट_इनिट_लो मधला लो हा प्रत्यक्ष व्होल्टेजचा, नव्या जीपीआयओडी_आउट_लो मधला लो म्हणजे 'बंद', व्होल्टेज काय द्यायचं ते डिव्हाइस ट्रीमधला (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनातला) ॲक्टिव्ह-लो फ्लॅग, म्हणजे 'लो म्हणजे चालू' अशी खूण, ठरवतो. देवगडकडच्या हापूसच्या बागेतला पंप बघा. तो रिलेने, म्हणजे पिनच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचने, चालू-बंद होतो. बाजारात मिळणारे बरेचसे रिले बोर्ड ॲक्टिव्ह-लो असतात, पिन खाली गेली की टक् करून रिले लागतो. फ्लॅग दिलेला असेल तर आउट_लो लिहिल्यावर पिन हाय जाते आणि पंप बंद राहतो, फ्लॅग विसरला तर तीच ओळ पंप चालू करते, आणि पावसाळ्यात लाईट दिवसातून चार वेळा जाऊन येत असेल तर चारही वेळा.

ड्रायव्हर लोड व्हायच्या आधी पिनची अवस्था कोणी सांभाळायची, यावर एकमत नाही. कोणी ते काम बूटलोडरचं (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) मानतात, कोणी डिव्हाइस ट्रीमधे जीपीआयओ-हॉग लावतात, म्हणजे कर्नलच ती लाइन स्वतःकडे ठेवून तिची अवस्था लावतो, पण हॉग केलेली लाइन नंतर ड्रायव्हरला मिळत नाही आणि हॉगसुद्धा कर्नल उठल्यावरच लागतो. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डच्या बीसीएम२८३५ चिपमधे रिसेटनंतर सगळ्या पिन इनपुट असतात, ० ते ८ आतून पुल-अप (हायकडे ओढलेल्या), ९ ते २७ पुल-डाउन (लोकडे ओढलेल्या). त्यामुळे बोर्डवरच योग्य बाजूचा रेझिस्टर टाकणं जास्त भरवशाचं वाटतं, तो लाईट आल्याच्या क्षणापासून काम करतो.

बूटलोडरने आधीच लावलेली अवस्था मोडायची नसेल तर जीपीआयओडी_ॲजइज ('आहे तसंच') द्यायचं, मग दिशा ड्रायव्हरने नंतर स्वतः द्यायची.

ड्रायव्हर न लिहिता बाहेरच्या प्रोग्रॅममधून पिन हाताळायची जुनी सोय म्हणजे सिसएफएस, कर्नलने दाखवलेल्या फाइली. सिसएफएसमधे दिशेच्या फाइलीत 'आउट' लिहिलं की पिन लो पासून सुरू होते, 'हाय' लिहिलं तर दिशा आणि व्हॅल्यू दोन्ही एकदम. कर्नल ४.८ पासून त्याजागी कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्रॅमने उघडायची डिव्हाइस फाइल) आहे, नवीन कामाला तेच घ्यावं.