लेझरचा प्रकाश की दिव्याचा?

देवगडला आमच्या शेजारच्या काकूंनी लेकाचं चष्मा घालवायचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. "लेझरान पडदो जळलो तर?" हा एकच प्रश्न. भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या प्रकाशाला चिकटली आहे.

लॅसिकमध्ये, म्हणजे चष्मा घालवायच्या लेझर ऑपरेशनमध्ये, पारपटलाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला, आकार देतो तो एक्सायमर लेझर. त्याची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. हे अतिनील किरण पारपटलाच्या वरच्या थरातच शोषले जातात. एका झटक्यात मायक्रॉनच्या जेमतेम चौथ्या हिश्शाएवढा थर निघतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत ते पोचतच नाहीत. पारपटलाचा पापुद्रा उचलण्यासाठी वापरतात तो फेम्टोसेकंद लेझर अवरक्त असतो आणि थोडा आत जातो, पण पारपटलात एका बिंदूवर एकवटल्यावर पुढे पसरून विरळ होतो.

खरी काळजी घ्यावी लागते ती साध्या पांढऱ्या दिव्याची. नंबर फार मोठा किंवा पारपटल पातळ असेल तर मूळ भिंग तसंच ठेवून डोळ्यात जादा लेन्स बसवतात. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि वरून सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू असतो. आपल्या कौलारू घरातलं काचेचं कौल आठवा. त्यातून पडलेला कवडसा दिवसभर जमिनीवर सरकत जातो. इथे डोळा स्थिर, दिवाही स्थिर, म्हणून कवडसा पडद्यावर एकाच जागी बसून राहतो. इजा बहुधा उष्णतेने होत नाही, निळ्या प्रकाशाने घडणाऱ्या रासायनिक क्रियेने होते. म्हणून प्रखरता आणि वेळ दोन्ही मोजावे लागतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अशी इजा झाल्याची नोंद १९८३ मध्येच प्रसिद्ध झाली. लेन्स बसवणं थोड्या मिनिटांचं काम, त्यामुळे धोका कमी. तरीही दिवा काम भागेल एवढाच ठेवणं, निळा आणि अतिनील प्रकाश अडवणारी गाळणी लावणं, सूक्ष्मदर्शक किंचित तिरका करणं, हात थांबले की पारपटल झाकणं, हे सगळं मला अगत्याचं वाटतं. सर्जनला याबद्दल विचारायला संकोच कशाला?

प्रकाशाची इजा आणि पडदा सुटणं यांची गल्लत जीवावर नाही, पण नजरेवर बेतू शकते. प्रकाशाने इजा झाली तर नजरेच्या मधोमध धूसर डाग दिसतो. अचानक विजा चमकल्यासारखं दिसू लागलं, काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली सरकू लागली, तर पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची शंका घ्यावी. मायनस नंबरचा डोळा लांबट, पडदा ताणलेला, म्हणून हा धोका ऑपरेशन न करताही असतो आणि चष्मा गेल्यावरही उरतो. तेव्हा सकाळच्या एसटीची वाट बघू नका, त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे निघा.