'ची' आणि एटीपी : हृदयाच्या ऊर्जेचे दोन इतिहास

जेमतेम ३०० ग्रॅमचं हृदय दिवसाला सुमारे ६ किलो एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च करतं. साठा मात्र काही सेकंदांपुरताच, म्हणून तेच रेणू पुन्हा पुन्हा घडवावे लागतात. निरोगी हृदय त्यासाठी मुख्यतः मेदाम्लं जाळतं. हृदय कमजोर झालं (हार्ट फेल्युअर) की मायटोकॉन्ड्रियांतलं, म्हणजे पेशींमधल्या ऊर्जाघरांतलं, हे ज्वलन मंदावतं आणि अडीअडचणीला एटीपी भरून देणाऱ्या फॉस्फोक्रिएटिनचा साठा आटू लागतो. ते ज्यापासून बनतं ते क्रिएटिन अशा हृदयात कमी असतं, हे संशोधक हर्मन आणि डेकर्ड यांनी १९३९ मध्येच नोंदवलं होतं. पुढे १९९७ मध्ये नॉयबाउअर आणि सहकाऱ्यांना आढळलं, की फॉस्फोक्रिएटिनचं एटीपीशी गुणोत्तर १.६ च्या खाली गेलेले रुग्ण अधिक दगावतात.

चिनी वैद्यकाची सुरुवात लक्षणांपासून झाली. इ. स. २०० च्या सुमाराचे वैद्य झांग झोंगजिंग यांच्या परंपरेतला एक काढा पाहा. धाप लागून आडवं होता येत नसेल, तर 'तिंगली' या मोहरीच्या कुळातल्या बिया पिवळ्या होईपर्यंत भाजायच्या, कुटून गोळी करायची. १२ चिनी बोरं ३ मापं पाण्यात २ मापं उरेपर्यंत उकळून काढून टाकायची. त्या पाण्यात गोळी घालून १ माप उरवायचं आणि सगळं एकाच वेळी पाजायचं. इथे छातीतलं पाणी उतरवायचं आहे. ऊर्जेचा प्रश्नच नाही.

'ची' म्हणजे चिनी वैद्यकातली जीवनशक्ती. तिचं भाषांतर 'ऊर्जा' झालं आणि 'ची' घटली म्हणजे एटीपी घटलं, असं समीकरण रूढ झालं. ते घाईचं आहे. 'ची' नाडी, जीभ आणि थकवा पाहून ठरते, एटीपी प्रयोगशाळेत मोजतात.

हार्ट फेल्युअरसाठीच्या आजच्या 'छीलीछियांगशिन' या चिनी कॅप्सूलमध्ये ११ घटक आहेत. त्यांत जिनसेंग, तिंगली आणि बचनागाच्या जातीचं 'फूझी'ही. फूझी पुरेसं उकळलं नाही तर त्यात अकोनिटिन उरतं, पेशींचे सोडियम चॅनेल (सोडियम आत घेणारी दारं) उघडेच राहतात आणि ठोके जीवघेणे बिघडतात. कॅप्सूलमधल्याच 'शियांगजियापी' या सालीत तर डिजॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखी ग्लायकोसाइड नावाची द्रव्यं असतात. डिजॉक्सिन चालू असेल तर दोन्हींचा परिणाम एकावर एक चढू शकतो, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्वेस्ट' चाचणीत ३,११० रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत ही कॅप्सूल किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल दिली. ४-४, दिवसातून तीनदा. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा भरती होणं औषध घेणाऱ्यांत २५.०२ टक्के, इतरांत ३०.०३ टक्के. हा फरक मोलाचा आहे. पण मायटोकॉन्ड्रिया सुधारल्याचे दाखले मुख्यतः प्राण्यांवरच्या आणि पेशींवरच्या प्रयोगांतले आहेत.